मेलेली माणसं तेवढीच, मग एकाला जामीन आणि दुसऱ्याला फाशी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नवले पुलाच्या उतारावर मागून आलेल्या कंटेनरने तुमच्या मामांच्या स्कूटरला चिरडलं, मामा जागीच गेले आणि चालकाला दुसऱ्याच दिवशी जामीन झाला. त्यावरून घरात वाद पेटला. बॉम्बस्फोटातला दोषी फाशीची शिक्षा होऊनही दयेचा अर्ज करतो, वर्षानुवर्षं तुरुंगात जगतो. मग 'जाणाऱ्याला काय फरक पडतो कशाने गेला त्याचा? आमच्या माणसाचा जीव स्वस्त आणि अतिरेक्याच्या जिवाची एवढी काळजी का?'

मी शिवाजीनगर कोर्टात फौजदारी बाजू बघतो, कधी आरोपीकडून, कधी मूळ फिर्यादीकडून. हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या बाकांवरून येतो. माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. माणूस किती दोषी, हा पहिला. दोष ठरल्यावर, शिक्षा सुनावून झाल्यावर त्याच्याशी कसं वागायचं, हा दुसरा. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढला की वाद संपतच नाही.

आधी आकड्यांचा मुद्दा बाजूला करू, कारण तिथेच गल्लत होते. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन अ‍ॅमचं विमान बॉम्बने फुटून कोसळलं. विमानातले २५९ आणि गावातले ११, असे २७० गेले. वर्ष एक, दोन्ही विमानं प्रवासी, आकडेही जवळपास सारखे. पण नौकेवरच्या लोकांना वाटलं होतं की आपल्यावर लढाऊ विमान चालून येतंय. लॉकरबीच्या बॉम्बवाल्याला मात्र प्रवासी विमान पाडून माणसं मारायचीच होती. नौकेवरच्यांना कुणी वेळेत सांगितलं असतं, 'अरे, हे प्रवासी विमान आहे', तर त्यांनी क्षेपणास्त्र सोडलं नसतं. बॉम्बवाल्याला तेच सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, 'म्हणूनच तर.' मला फरक शोधायचा असतो तेव्हा मी ही एकच परीक्षा लावतो: खरी परिस्थिती कळली असती तर हात थांबला असता का?

पण 'चुकून झालं' म्हटलं की सगळं धुतलं गेलं, असंही नाही. ते विमान उंची घेत होतं आणि नौकेवर 'खाली येतंय' असं सांगितलं जात होतं. नौका स्वतः इराणच्या सागरी हद्दीत शिरलेली होती. १९९६ मध्ये अमेरिकेने मृतांच्या कुटुंबांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर मान्य केले, पण कायदेशीर जबाबदारी कबूल केली नाही. चूक म्हणायची, पैसे द्यायचे आणि दोष मात्र घ्यायचा नाही, हे मला पटत नाही. आपल्याकडे श्रावणबाळाची गोष्ट लहानपणापासून सांगतात. दशरथाला श्रावणाला मारायचं नव्हतं, पण अंधारात नुसत्या आवाजावर बाण सोडायचा तर पलीकडे माणूस असू शकतो, हे त्याला कळायला हवं होतं. म्हातारा-म्हातारीने शाप दिला तो खुनाचा नव्हे, या बेफिकिरीचा.

आता तुमच्या मामांच्या प्रकरणाकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, म्हणून तिचीच कलमं सांगतो. कायदेशीर काम, योग्य काळजी घेऊन करताना निव्वळ दुर्दैवाने कुणी गेलं तर कलम १८ खाली तो गुन्हाच नाही. बेदरकारपणा किंवा हयगय असेल तर कलम १०६(१): पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण गुन्हा जामीनपात्र. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो हे ठाऊक असूनही ते केलं, तर कलम १०५, सदोष मनुष्यवध: दहा वर्षांपर्यंत, अजामीनपात्र, खटला सेशन्स कोर्टात. मारण्याचा हेतूच असेल तर खून, कलम १०३. आणि लोकांमध्ये दहशत बसवायला मारलं तर कलम ११३ किंवा यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवायांविरोधी कायदा. तुमच्या चालकाला पटकन जामीन मिळाला, कारण पोलिसांनी १०६(१) लावलं असणार. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, न्यायाधीशांनी केलेली मेहेरबानी नव्हे. मृतदेह सोडून पळून जाणाऱ्या चालकासाठीचं १०६(२) हे दहा वर्षांचं कलम वाहतूकदारांच्या आंदोलनानंतर अमलातच आणलेलं नाही.

या पायऱ्यांमधली खरी झुंज १०६ आणि १०५ यांच्यात असते. म्हणजे 'लक्ष नव्हतं' की 'माहीत होतं, तरी पर्वा केली नाही'. तुमच्या प्रकरणात हे कशावर ठरेल ते नीट सांगतो, कारण इथे कागद वेळेत पकडले नाहीत तर पुढे हाती काही लागत नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही चालक तिथे गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सारखं ब्रेक दाबून ड्रम आणि लायनर तापतात, पकड सुटते. शिवाय इंजिन मंद चालू असल्याने कॉम्प्रेसर हवेचा दाब पुरेशा वेगाने भरून काढत नाही. मग चालक जबाबात म्हणतो, 'ब्रेक फेल झाले.' दुसऱ्या दिवशी आरटीओचा निरीक्षक गाडी तपासतो, तोवर ड्रम थंड झालेले असतात, आणि अहवालात एक ओळ येते: 'ब्रेक कार्यरत.' या एका ओळीने दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. म्हणून तपास अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करा की लायनरवर जळाल्याच्या खुणा, ड्रमवर निळसर डाग आहेत का, ते पंचनाम्यात घ्यावं. गाडीत टेलिमॅटिक्स, म्हणजे गाडीच्या हालचालीची नोंद ठेवणारं यंत्र असेल, तर वेग आणि इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) एकाशेजारी एक बघायचे. वेग ७० आणि आरपीएम ६००-७००, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये होती, साक्षीदाराची गरजच नाही. खेड-शिवापूर टोलवरची फास्टॅगची वेळ आणि अपघाताची वेळ यांतून सरासरी वेग निघतो. 'तीव्र उतार, गाडी गिअरमध्ये ठेवा' अशा पाट्या वाटेत होत्या का, त्यांचे फोटो तारखेसह काढा. पाटी वाचूनही न्यूट्रल टाकली, हे दाखवता आलं तर 'माहीत होतं' या बाजूला वजन पडतं. मिळेलच असं नाही. पण हयगय आणि जाणीव यांच्यातला फरक न्यायालयाला असाच दिसतो, भाषणांतून नव्हे.

दारूचंही तसंच. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. शरीरातून अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. अपघाताच्या क्षणी ७० असेल आणि नमुना तीन तासांनी घेतला तर अहवालात २५ दिसेल, आणि माणूस कागदोपत्री शुद्धीवर! म्हणून नमुन्याची वेळ हा पहिला प्रश्न. मुंबईत कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले, तेव्हा दारू पिऊन चालवणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाखालीच दोषी धरलं, नुसत्या हयगयीखाली नाही. पुण्यात कल्याणीनगरच्या मे २०२४ च्या अपघाताच्या प्रकरणातही आधी ३०४-अ लागलं होतं, सदोष मनुष्यवधाचं जुनं कलम ३०४ नंतर आलं.

पुण्यातलंच एक प्रकरण या सगळ्या चौकटींना धक्का देणारं आहे. २५ जानेवारी २०१२ रोजी स्वारगेट आगारातून एका एसटी चालकाने बस पळवली आणि वाटेत दिसेल त्याला उडवत शहरभर फिरवली. नऊ माणसं गेली. हा अपघात नव्हता, ते वेगळं सांगायला नको. पण मागे संघटना नव्हती, मागणी नव्हती, कुणाला काही संदेश द्यायचा नव्हता. सेशन्स कोर्टाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तेव्हाची मानसिक अवस्था लक्षात घेऊन जन्मठेप केली. नऊ मृत्यू, खुनाचाच दोष, तरी फाशी नाही. आकडा तराजूत एकटा बसत नाही, तो असा.

दहशतवादात खुनापेक्षा जास्तीचं काय असतं? खुनी माणसाला विशिष्ट माणूस मारायचा असतो, वैरातून, लोभातून. बॉम्ब ठेवणाऱ्याला समोरचा कोण आहे याच्याशी घेणं-देणं नसतं. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत जे १७ जण गेले, त्यांच्याशी कुणाचं वैर नव्हतं. बाकीच्या शहराला घाबरवायला त्यांचा वापर झाला. माणसाच्या मरणाचं साधन करणं आणि ते आधी ठरवून, रेकी करून, गर्दीची वेळ बघून करणं, हे मला सर्वांत खालच्या पायरीचं वाटतं. 'आमचं लक्ष्य पोलीस चौकी होती, नागरिक मध्ये आले' ही सबबही चालत नाही. एकाला मारायला जाऊन दुसरा मेला तरी हेतू पुसला जात नाही, हे खुनाच्या कायद्यात पहिल्यापासून आहे. आणि गर्दीच्या ठिकाणी स्फोटकं ठेवणाऱ्याने 'मला माहीत नव्हतं' म्हणायचं तर त्याने आधी आपल्या अकलेचा पुरावा द्यावा.

तरीही आरोप जितका जड तितका पुरावा जड लागतो, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. जर्मन बेकरी प्रकरणात २०१३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने एका आरोपीला फाशी दिली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने कटाच्या आणि खुनाच्या आरोपांतून त्याला मोकळं केलं आणि स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी ठेवली. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी सुनावली होती. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सगळ्या बारा जणांना निर्दोष सोडलं. ते प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तुम्ही विचारता, 'एवढी अपिलं, अर्ज कशासाठी?' त्याचं एक उत्तर या तारखांमध्ये आहे.

आता दया. राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपती आणि १६१ खाली राज्यपाल शिक्षा कमी करू शकतात. दोघेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात, स्वतःच्या मनाने नव्हे. फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ प्रमाणे, अपील फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. राज्यपालांनी नाकारला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. अर्जात गुन्हा घडलाच नाही असं पुन्हा मांडत बसणं ही नेहमीची चूक. गृह विभागातला अधिकारी निकालपत्र वाचूनच बसलेला असतो. तिथे लागतात ते वेगळे कागद: गुन्ह्याच्या वेळचं वय, तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल, मानसोपचाराची नोंद, एकांतवासात ठेवलं असेल तर त्या तारखा, मागे कोण अवलंबून आहे, आणि प्रत्येक टेबलावर फाइल किती दिवस पडून होती त्याचा तक्ता.

हा शेवटचा तक्ता हल्ली सर्वांत महत्त्वाचा ठरतो. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दयेच्या अर्जावर सरकारने विनाकारण वर्षं घालवली तर फाशीची जन्मठेप होऊ शकते. अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस द्यायला हवेत. आणि तुमच्या वादाचा गाभा ज्यात आहे ते वाक्यही तिथेच: विलंबाचा विचार करताना दहशतवादाचे गुन्हे आणि इतर गुन्हे असा भेद करता येणार नाही. दिल्लीतल्या बॉम्बस्फोटात फाशी झालेल्या भुल्लरच्या वर्षभर आधीच्या प्रकरणात नेमका तसा भेद केला होता. तो चुकीचा ठरवला गेला आणि मार्च २०१४ मध्ये भुल्लरची फाशीही जन्मठेपेत बदलली.

म्हणजे फाशी कुणाला होते आणि कुणाची टळते, हे बऱ्याचदा गुन्ह्याच्या काळेपणावर ठरतच नाही. कसाबचं अपील २९ ऑगस्ट २०१२ ला फेटाळलं, दयेचा अर्ज ५ नोव्हेंबरला, आणि २१ नोव्हेंबरच्या सकाळी येरवड्यात फाशी झाली. सगळं तीन महिन्यांत. कोल्हापूरच्या ज्या दोन बहिणींनी लहान मुलांना पळवून मारलं, त्यांचे अर्ज पावणेआठ वर्षं रेंगाळले आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. २००७ च्या पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या बलात्कार-खुनात राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळल्यावर फाशीचं वॉरंट निघायलाच जवळपास दोन वर्षं लागली. दोघांची शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेवर आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. लोक याला दया म्हणतात. मी याला सरकारी फाइलीचा ढिसाळपणा म्हणतो. तुमच्या घरच्यांचा राग खरं तर इथे असायला हवा.

खऱ्या दयेचं उदाहरण हवं असेल तर पुन्हा लॉकरबीकडे जावं लागेल. त्या स्फोटात दोषी ठरलेला एकमेव माणूस, मेगराही, याला प्रोस्टेटचा कर्करोग झाला. तीन महिने जगेल असा अंदाज होता. स्कॉटलंडच्या न्यायमंत्र्यांपुढे दोन अर्ज होते. कैदी हस्तांतराचा त्यांनी फेटाळला, आजारपणाच्या कारणावरून सुटकेचा २० ऑगस्ट २००९ रोजी मान्य केला. लिबियात त्याचं जंगी स्वागत झालं, आणि तो तीन महिने नव्हे, मे २०१२ पर्यंत जगला. मला तो निर्णय तत्त्वाने चूक वाटत नाही. मरणाऱ्या माणसाला घरी पाठवल्याने २७० खून लहान होत नाहीत. पण अंमलबजावणी चुकली: आयुष्याचा अंदाज एवढा नेमका धरायला नको होता आणि स्वागतसोहळा होणार नाही याची पक्की हमी घ्यायला हवी होती. मृतांच्या घरच्यांना सुटकेपेक्षाही तो जल्लोष जास्त जखमी करून गेला असणार.

घरच्यांचं म्हणणं ऐकायचं की नाही? ऐकायचं, नक्की. राजीव गांधी हत्येतल्या नलिनीची फाशी २००० मध्ये कमी झाली त्यात सोनिया गांधींच्या विनंतीचा वाटा होता. उलट बिल्किस बानो प्रकरणात गुजरात सरकारने दोषींना शिक्षेत सूट देऊन सोडलं, ते तिच्या याचिकेवर जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, कारण खटला महाराष्ट्रात चालला होता आणि गुजरातला तो अधिकारच नव्हता. पण शेवटचा शब्द घरच्यांचा ठेवला तर शिक्षा मृताच्या नातलगांच्या स्वभावावर ठरेल. झोपलेली पाच मुलं मारणाऱ्या अश्वत्थाम्याला द्रौपदीने 'याची आई माझ्यासारखी रडायला नको' म्हणून सोडवलं. भीम तिच्याच बाजूचा, त्याला मात्र तो तिथल्या तिथे मेलेला हवा होता. एकाच घरात दोन टोकं. राज्याने त्यातलं कुणाचं धरायचं?

चालकाच्या बाजूने दया कुठे बसते, तेही सांगतो, कारण उद्या शिक्षेच्या टप्प्यावर त्याचा वकील ती मागणारच. घरची गरिबी, पहिलाच गुन्हा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, असं तो म्हणेल. २००० च्या दलबीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्याला परिवीक्षेचा फायदा देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते परिस्थितीवर जातं. तो थांबला का, मामांना उचलून दवाखान्यात न्यायला धावला का, पोलिसांना स्वतः कळवलं का, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ चं हे कर्तव्य त्याने पाळलं का? हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाळलं असेल तर मी सौम्य शिक्षेला विरोध करणार नाही. क्लीनरला पुढे करून पळाला असेल, तर त्याच्या गरिबीचं मला फारसं वाईट वाटणार नाही. आणि हप्त्याचा, ट्रिपचा हिशोब लावून त्याला झोप न देता पिटाळणारा गाडीमालक दोषारोपपत्रात आहे का, तेही बघा. बहुधा नसतो.

आता लगेच करायच्या गोष्टी. पोलिसांनी ९० दिवसांत तपासाची प्रगती तुम्हाला कळवायची असते. नाही कळवली तर लेखी विचारा आणि पोचपावती घ्या. दोषारोपपत्राची प्रत मिळाली की आधी कलम बघा, मग आरटीओ अहवाल, मग रक्ताच्या नमुन्याची वेळ. १०५ लावण्याइतका पुरावा दिसत असेल तर सरकारी वकिलांमार्फत तसा अर्ज आरोप निश्चित होण्याआधी द्या, नंतर अवघड जातं. आरोपी सुटला किंवा हलक्या कलमाखाली दोषी ठरला तर तुम्हाला स्वतःला अपिलाचा हक्क आहे. नुसती शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र नाही. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात वेगळा चालतो, फौजदारी निकालासाठी तो अडत नाही. त्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. मामांचे पगाराचे किंवा धंद्याचे कागद, आयकर विवरणपत्रं, वयाचा दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि कंटेनरच्या विम्याची प्रत एवढं गोळा करून या महिन्यातच वकिलाकडे जा.